पितळी चाळणी

१० ऑक्टोबर १९९४, लखनौ

ऋचाने आज माझ्या टेबलावर एक आलेख ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. विद्यार्थी इतक्या आदराने मागे सरकतात तेव्हा समजावं, की काहीतरी फुटणार आहे.

"सर, कॉपर नहीं है."

"कहाँ नहीं है?"

"कहीं नहीं है, सर."

विमा एजंटाने जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरी होती. विनया म्हणते, जेवताना ताटाशी पुटपुटण्यापेक्षा लिहून काढा. तर लिहितो.

बुंदेलखंडात भदरा नावाचा एक नाला आहे. दहा वर्षांपूर्वी मी त्याच्या वाळूचे बहात्तर नमुने तपासले. वरच्या अंगाच्या वाळूत काही नव्हतं, पण खालच्या अंगाला तांबं आणि जस्त भरपूर. त्यावर माझा १९८५चा निबंध. नकाशावर तो खालचा पट्टा लाल रंगाने दाखवला होता आणि लोक त्याला 'मायदेव पट्टा' म्हणू लागले. मी संकोचल्यासारखं करायचो. तो नकाशा काचेत मढवून संस्थेच्या जिन्यात लावला आहे. पुढे दोन हंगाम तिथे भोकं पाडली गेली आणि दगडाखेरीज काही निघालं नाही. तेव्हा मी लिहिलं, 'साठा अपेक्षेपेक्षा खोल असावा.' भूरसायनात हे एक बरं असतं. जे सापडत नाही ते खोल असतं.

ऋचा माझ्याकडे पीएच.डी. करते. तिने त्याच नाल्यातली, त्याच जागांची वाळू पुन्हा आणली. तिच्या आलेखात लाल पट्टाच नाही.

मी म्हटलं, "फिर से कीजिए."

'पुन्हा करा' हे संशोधनातलं फार उपयोगी वाक्य आहे. त्याचा अर्थ 'मला वेळ द्या' असा असतो, पण ऐकायला काटेकोर वाटतं.

१८ ऑक्टोबर

तिसऱ्यांदाही तेच. ऋचाचा प्रबंध एकतीस डिसेंबरला विद्यापीठात गेला पाहिजे, कारण त्यानंतर तिची फेलोशिप संपते. त्यावर मार्गदर्शक म्हणून माझी सही लागते. म्हणजे माझं चूक होतं असं सांगणाऱ्या प्रकरणावर मीच 'समाधानकारक' लिहायचं.

"सर, एटी-फोर में छलनी कौन-सी थी?" तिने सहज विचारलं.

"नेहमीची," मी म्हटलं. हिंदीत बोलायचं विसरलो.

दुपारी स्टोअरमध्ये गेलो. तिथे जगदीश बाबू बसतात. जगदीश प्रसाद श्रीवास्तव, प्रयोगशाळा सहायक. माझ्या सगळ्या नमुन्यांची वाळू त्यांनीच चाळली. म्हटलं, चौऱ्याऐंशीचं चाळणीचं रजिस्टर असेल का? माझी समजूत होती की ते मिळायला दोन दिवस लागतील, बहुधा मिळणारच नाही. ते उठले, कपाटात हात घातला आणि काढून दिलं. शोधलं नाही, नुसता हात घातला. त्यांचं स्टोअर नीटनेटकं आहे खरं.

रजिस्टरात लिहिलंय: 'न. ४१ से नई छलनी, पीतल.'

चाळीस नमुने जुन्या स्टीलच्या चाळणीतून गेले. ती फाटली. मग नवी आली ती पितळी. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आमच्या यंत्रावर ती चाळणी अर्धा-अर्धा तास हलायची आणि बुंदेलखंडाची गारगोटी तिच्या जाळीला कानशीसारखी घासायची. माझा लाल पट्टा एक्केचाळीसाव्या नमुन्यापासून सुरू होतो.

शिवाय तांबं दोन भाग तर जस्त एक भाग, सगळीकडे, न चुकता. पितळात साधारण हेच प्रमाण असतं. माझ्या निबंधात यावर एक पूर्ण परिच्छेद आहे: 'विलक्षण एकसमानता'. निसर्ग इतका शिस्तीचा नसतो, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो.

मराठीत 'पितळ उघडं पडणं' म्हणतात. विनोद इतका आयता हातात आला आहे की करायची लाज वाटते.

मात्र ३९ आणि ४० मध्येही थोडं तांबं दिसतं, आणि ते तर स्टीलमधून गेलेले. म्हणजे सगळंच पितळाचं नसेल. ऋचाला हे सांगायला हवं. तिच्या नव्या नमुन्यांत तेही दिसत नाही, पण दोन जागांचं काय, वाळू वाहून जाते.

२४ ऑक्टोबर

प्रशासनातून निरोप. जगदीश बाबू तीस नोव्हेंबरला निवृत्त होताहेत. निरोप समारंभात माझी कविता हवी.

संस्थेचा कवी मी आहे. हे पद कुठल्याही वेतनश्रेणीत नाही, तरी पंधरा वर्षं ते मी कुणाला घेऊ दिलेलं नाही. महाराष्ट्र मंडळात मराठीत, हिंदी पखवाड्यात हिंदीत, बदली, बढती, कुणाची मुंज, काहीही. मराठी माणूस उर्दू वळणाचं लिहितो म्हणून लखनौवाले डोक्यावर घेतात. जास्त बरं लिहिलं असतं तर इतकं घेतलं नसतं.

संध्याकाळी ऋचा म्हणाली, "सर, साड़ी बाबू रिटायर हो रहे हैं. उन्हें साड़ी बाबू क्यों कहते हैं?"

मी म्हटलं, "पता नहीं."

मला माहीत आहे. ते नाव मी ठेवलं.

ऑगस्ट चौऱ्याऐंशी. जगदीश बाबू माझ्या टेबलापाशी आले. हातात चिकनच्या भरतकामाची गोल लाकडी चौकट, तिच्यावर पांढरं नायलॉनचं कापड ताणून बसवलेलं. त्यांच्या पत्नी मधुमतीबाई चिकनचं काम करतात, चौकट त्यांची. म्हणाले, "साहब, पीतल की छलनी से गड़बड़ हो सकती है. इससे दस नमूने छानकर देख लें?" माझा निबंध अर्धा लिहून झाला होता. मी हसलो. "जगदीश बाबू, बीवी की साड़ी काट लाए क्या?" असं काहीतरी बोललो. ते चौकट घेऊन परत गेले. पंधरा दिवसांनी, चौदा सप्टेंबरला, हिंदी पखवाड्याचं कविसंमेलन. त्यात मी वाचलं:

बीवी की साड़ी फाड़ के छलनी बनाई है
विज्ञान को ये देख के अब शर्म आई है

पुढे आणखी सात शेर होते. संस्थेचं सभागृह कोसळायचं तेवढं राहिलं. तेव्हाचे डायरेक्टर डोळे पुसत होते. कुटुंबीयांनाही बोलावलं होतं, मधुमतीबाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्याही हसत होत्या.

असाव्यात.

३ नोव्हेंबर, दिवाळी

जगदीश बाबू दर दिवाळीला सकाळी नऊ वाजता मिठाईचा डबा घेऊन येतात, खुर्चीच्या कडेवर दहा मिनिटं बसतात, "बिटिया की पढ़ाई?" विचारतात आणि जातात. आजही आले. चाळणीबद्दल मी काही बोललो नाही, त्यांनीही नाही. मी त्यांना चकली दिली. त्यांनी ती मोडून अर्धीच खाल्ली.

ते गेल्यावर विनया म्हणाली, "तीस तारखेला मधुमतीबाई येणार का?"

"येतील की. का नाही येणार?"

"दहा वर्षांत संस्थेच्या कुठल्या कार्यक्रमाला आल्या आहेत त्या? तुमच्या लक्षात तरी आलंय का?"

"मला वाटलं, कामात असतील."

"मी त्यांच्याकडून कुर्ते करून घेते. घरी जाते. चहा देतात, सगळं बोलतात. तुमचं नाव निघालं की सुईत दोरा ओवायला लागतात."

"पण त्या दिवशी हसत होत्या. मी पाहिलं."

"मी त्यांच्या शेजारी बसले होते, अहो." ती डबा उघडून बर्फी बशीत लावत होती. "पदर तोंडावर धरला होता त्यांनी. तुम्हाला स्टेजवरून ते हसणं दिसलं."

मग मीही जरा चढ्या आवाजात म्हटलं, की दहा वर्षं हे का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्ही दरवर्षी ती कविता पाहुण्यांना म्हणून दाखवायचात. कुठल्या वेळी सांगायचं होतं?"

९ नोव्हेंबर

ऋचा माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. तिच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. जुन्या भट्टीमागच्या कपाटावर सापडलं म्हणाली. त्यात ती गोल चौकट, नायलॉन पिवळं पडलेलं. वाळूची दहा पाकिटं, भदरा नाल्याची, नंबर घातलेली. आणि एक कागद. अक्षर जगदीश बाबूंचं, बायकांच्या हस्ताक्षरासारखं गोल. दहा नमुने, दहा आकडे. तांबं नाही. जस्त नाही. ऋचाचे आज जे आकडे आहेत जवळजवळ तेच.

म्हणजे मी नाही म्हटल्यावरही त्यांनी ते करून पाहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत केलं असणार. खाली लिहिलं होतं: '११ सितंबर. मायदेव साहब को दिखाना है.'

अकरा सप्टेंबर. मी कविता वाचली चौदाला.

ऋचा रडवेली नव्हती, चिडलीही नव्हती. तिने फक्त विचारलं, "सर, इन्होंने आपको दिखाया नहीं?"

"नहीं."

"क्यों नहीं दिखाया होगा?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, सायकल स्टँड होता. तिला सांगायला पाहिजे होतं. म्हटलं, "आप चैप्टर लिखिए. ३९ और ४० के बारे में थोड़ा संभालकर लिखिएगा."

ती म्हणाली, "जी सर." या 'जी सर'ची धार लखनौत राहिल्याशिवाय कळत नाही.

१६ नोव्हेंबर

या डायरीत एक गोष्ट लिहायची राहिली होती. राहिली म्हणजे मी ठेवली.

पंच्याऐंशी साली जगदीश बाबूंच्या बढतीची फाइल माझ्याकडे अभिप्रायासाठी आली होती. मी लिहिलं: 'प्रामाणिक व मेहनती, परंतु ठरलेली पद्धत सोडून स्वतःचे प्रयोग करण्याकडे कल. शिस्तीची गरज.' बढती गेली. अठ्ठ्याऐंशी साली पुन्हा फाइल आली तेव्हा मी मागचाच अभिप्राय टाइपिस्टला उतरवायला सांगितला. आळसाने. ज्या पदावर ते रुजू झाले त्याच पदावरून निवृत्त होताहेत.

आज जुना निबंध काढून वाचला. 'नमुने इंचाला ऐंशी छिद्रांच्या चाळणीतून चाळण्यात आले.' कुणी चाळले ते नाही. चाळणी कशाची तेही नाही. आभारात तेव्हाच्या डायरेक्टरांचं, ड्रायव्हरचं आणि विनयाचंही नाव आहे, 'तिच्या संयमाबद्दल'. जगदीश बाबूंचं नाव निबंधात कुठेच नाही. माझ्या कवितेत मात्र आठ वेळा आहे, मोजलं.

आम्ही शास्त्रज्ञ लोक कविता मोकळेपणासाठी लिहितो असं मी मंडळात भाषणात सांगत असतो. निबंधात 'मी' लिहायची बंदी, म्हणून कवितेत श्वास घेतो वगैरे. ऐकणाऱ्या बायका माना डोलावतात. त्या श्वासाचा वारा कुणाला लागला ते कुणी विचारत नाही. मीही नाही.

२३ नोव्हेंबर

डायरेक्टर साहेबांकडे गेलो. माणूस वाईट नाही. गेल्या वर्षी अमौसीच्या विमानतळावर एका परदेशी पाहुण्याला घ्यायला गेलो होतो, तेव्हा गाडीत त्यांनी त्याला माझ्या पट्ट्याची गोष्ट इतकी रंगवून सांगितली की मलाच आणखी थोडं ऐकावंसं वाटलं.

सगळं सांगितलं. पितळ, रजिस्टर, ऋचाचे आकडे. चौकटीचं मात्र नाही सांगितलं. चौकट आली की कविता येते.

ते पेपरवेट फिरवत राहिले. "मायदेव साहब, दस साल हो गए. अब किसको फ़र्क पड़ता है?"

"ऋचा को पड़ता है."

"उससे कहिए, वो चैप्टर हटा दे. फ़्यूचर स्कोप में एक लाइन डाल दे." मग जरा हसून, "नक़्शा सीढ़ी पर टँगा है, यार. उतारेंगे तो दीवार पर चौकोर निशान रह जाएगा. हर आने-जानेवाला पूछेगा यहाँ क्या था."

मी म्हटलं, "मी जर्नलला दुरुस्ती पाठवणार आहे." हे हिंदीत म्हटलं, पण काय शब्द वापरले आठवत नाहीत. ते म्हणाले, "सोच लीजिए." बाहेर पडल्यावर मला फार शूर वाटलं. जिना उतरताना नकाशाकडे पाहिलं नाही, त्यावरून काय ते समजावं.

ऋचाच्या प्रकरणावर सही केली. ती म्हणाली, "थैंक यू, सर." ३९ आणि ४० बद्दल तिने काहीच लिहिलेलं नाही. मी दुरुस्तीत लिहीन.

२९ नोव्हेंबर

मार्ग सापडला! निरोपाच्या कवितेतच कबुली द्यायची. जिथे केलं तिथेच फेडायचं, त्याच सभागृहात, त्याच वृत्तात. दोन संध्याकाळी बसून नऊ शेर केले. शेवटचा तर आपोआप आला:

सोना समझ के बाँटता जिसको मैं रह गया
पीतल था, और बात ये पहले वो कह गया

हा मला मनापासून आवडला. 'रह गया', 'कह गया'. दहा वर्षांत इतकं स्वच्छ काही लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन विनयाला आणि अवनीला वाचून दाखवलं. विनया पोळी लाटत राहिली. अवनी बारावीला आहे, मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देते.

"कसं वाटलं?"

"अच्छा है, पापा. पर सॉरी बोलने के लिए राइम ज़रूरी है क्या?"

मी म्हटलं, तुमच्या पिढीला छंदाचं काय कळतंय. ती म्हणाली, "ओके."

३० नोव्हेंबर

समारंभ चार वाजता. झेंडूचा हार, शाल, भिंतीवरचं घड्याळ. निवृत्त होणाऱ्याला घड्याळ का देतात हे मला कधी कळलेलं नाही. समोसे. जगदीश बाबू करड्या कोटात, कोटाला इस्त्रीच्या घड्या. शेजारी मधुमतीबाई. आल्या होत्या. केस पुष्कळ पांढरे झाले आहेत. फिकट निळी साडी, तिच्यावर स्वतःच भरलेलं पांढरं काम.

माझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या सुरूच झाल्या, मी उभा राहायच्या आधी. माझ्याकडून लोक हसण्याच्या तयारीनेच येतात, हे मी विसरलो होतो. पहिल्या शेरात मी स्वतःला 'पीतल का पंडित' म्हटलं. हशा. दुसऱ्यात सांगितलं की लाल पट्टा नाल्यात नव्हताच, आमच्या चाळणीत होता. मोठा हशा. शेवटच्या शेरावर मागून कुणीतरी ओरडलं, "क्या बात है, मायदेव साहब, मुकर्रर!" मी थांबलो. म्हटलं, "भाई, मैं सच कह रहा हूँ." याला सगळ्यात मोठा हशा.

आणि मी तो शेर पुन्हा वाचला. मुकर्रर म्हटलं की वाचायचा असतो. जरा थांबून, 'कह गया'च्या आधी किंचित सुस्कारा टाकून. सवय.

डायरेक्टर साहेब माइकवर म्हणाले, "एक छोटे कर्मचारी का मान बढ़ाने के लिए इतना बड़ा साइंटिस्ट अपना ही मज़ाक उड़ा ले, यही लखनऊ की तहज़ीब है." टाळ्या. जगदीश बाबूंनी उठून मला हात जोडले. ऋचा शेवटच्या रांगेत उभी होती, ती टाळ्या न वाजवता बाहेर गेली.

चहाच्या वेळी मी मधुमतीबाईंपाशी गेलो. म्हटलं, भाभीजी, आप आईं, बड़ी ख़ुशी हुई.

त्यांनी कप बशीत ठेवला. "आपकी तुक इस बार भी बहुत अच्छी मिली, भाई साहब."

मी "शुक्रिया" म्हणालो. यमकाची दाद समजून तोंडातून निघून गेलं.

२ डिसेंबर

काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं.

संस्थेत तिघांनी मला त्या कवितेची प्रत मागितली. एकाने म्हटलं, कमाल की फ़ैंटसी है.

आज सकाळी टाइपरायटर घेऊन बसलो आणि दुरुस्ती टाइप केली. एक पान. लेखक: ऋचा टंडन, जगदीश प्रसाद श्रीवास्तव, उल्हास मायदेव. या क्रमाने. एकही विशेषण नाही. एका ठिकाणी वाक्य जरा छान झालं होतं, ते खोडून साधं केलं. शेवटी एक ओळ ठेवली: 'तथापि नमुना ३९ व ४० मधील तांब्याचे प्रमाण पाहता अल्प खनिजीकरणाची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.' हे शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक आहे.

ऋचाने वाचलं, सही केली. त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "यह जगदीश जी से पूछ लीजिए."

जगदीश जी. साड़ी बाबू नाही. तिला कुणीतरी सांगितलेलं दिसतं.

४ डिसेंबर, रविवार

दुपारी चौक नावाच्या जुन्या मोहल्ल्यात त्यांच्या घरी गेलो. पंचवीस वर्षं लखनौत राहून पहिल्यांदा. गल्ली इतकी अरुंद की रिक्षा तोंडाशीच सोडावी लागली. पिशवीत टाइप केलेला कागद आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट.

जगदीश बाबू अंगणात उन्हात बसले होते. मला पाहून धावपळ. "अरे साहब! आप! इधर बैठिए, नहीं-नहीं, कुर्सी पर." निरोप समारंभातलं घड्याळ अजून खोक्यातच होतं, तुळशीजवळ.

मी तयारी करून गेलो होतो काय बोलायचं ते. त्यातलं काही बोललो नाही. कागद पुढे केला. म्हटलं, जर्नलला पाठवतोय, यात तुमचं नाव आहे, वाचून सही करा.

त्यांनी चष्मा लावला. इंग्रजी हळू वाचतात. नावांच्या ओळीवर थांबले. पुन्हा वाचली. मग पुढे गेले. सगळं वाचून झाल्यावर खिशातून पेन काढलं, पण सही केली नाही.

"साहब, बुरा न मानें तो... यह ३९ और ४० वाली बात."

"हाँ?"

"वो भी पीतल से ही छने थे." ते उठून आत गेले आणि एक जुनी शाळकरी वही घेऊन आले. वहीत त्यांनी रोजची नोंद ठेवलेली. "स्टीलवाली इनके बीच में फटी थी न. मोटा दाना निकल गया था. अगले दिन दोनों दोबारा छाने, नई से. रजिस्टर में जगह नहीं थी, तो यहाँ लिख लिया."

मी वही पाहिली. होतं तसं. माझ्या बाजूने उरलेले दोन नमुने होते, तेही गेले. गंमत म्हणजे बरं वाटलं नाही. बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" हे मी मराठीतच बोललो. त्यांना कळलं. ते नेहमीसारखे हसले आणि वही मिटली. मला वाटतं ते संकोची आहेत.

शेवटची ओळ मी माझ्या हाताने खोडली. फाइलमधल्या त्या अभिप्रायाचंही सांगितलं. ते म्हणाले, "मालूम है, साहब. टाइपिस्ट मेरे मोहल्ले का था." आणि मला पाणी आणायला उठले.

तेवढ्यात मधुमतीबाई चहा घेऊन आल्या. मी चौकट वर्तमानपत्रातून काढून त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, भाभीजी, ही तुमची.

त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी हात पदराला पुसले. मग घेतली, उलटी केली, आणि पिवळ्या कापडावर अंगठा फिरवला, आम्ही वाळूच्या दाण्याची जाडी पाहतो तसा.

"भाई साहब, आपने कभी हाथ लगाकर देखा था इसे?"

"नहीं."

"यह साड़ी नहीं है." त्यांनी चौकट माझ्यापुढे धरली. "साड़ी का नायलॉन ऐसा नहीं होता. यह नया कपड़ा है, अमीनाबाद से. ये तीन दुकानें घूमे थे. हर दुकान में बड़ा दिखानेवाला शीशा लगाकर छेद गिनते थे, दुकानदार समझा पागल है. मैं साथ थी." आणि मग, "मेरी कोई साड़ी कभी नहीं फटी."

मी कापडाला हात लावला. बारीक, एकसारखी जाळी. साडी नव्हतीच. दहा वर्षं अख्खी संस्था ज्यावर हसली ते मी एकदाही तपासलं नव्हतं. निबंधासाठी निदान वाळू तरी आणली होती.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"कुछ मत बोलिए. आप बोलते हैं तो अच्छा लगने लगता है." आणि कागदाकडे बोट दाखवून, "इसमें लिखिए."

जगदीश बाबू म्हणाले, "अरे, छोड़ो, साइंस के काग़ज़ में ये सब..."

"लिखिए," त्या म्हणाल्या.

जगदीश बाबूंच्या पेनाने, टाइप केलेल्या ओळींमधल्या जागेत मी लिहिलं. मग मधुमतीबाईंनी सांगितलं, पढ़िए, हिंदी में. उद्या सकाळी हा कागद तिघांच्या सह्यांनिशी हजरतगंजच्या पोस्टातून रजिस्टरने जाईल, संपादक त्यातलं काय ठेवील काय कापील त्याचं त्याला ठाऊक. पण तिथे, तुळशीपाशी, उन्हात, मी उभा राहून वाचलं:

"दस नमूने जगदीश प्रसाद श्रीवास्तव ने अगस्त-सितंबर १९८४ में नायलॉन के नए कपड़े से छाने. कपड़ा इसी काम के लिए ख़रीदा गया था. उनके नतीजे सही थे."

कुणी हसलं नाही.